एकतीस सह्यांचं निरोपाचं भाषण

माणूस कंपनी सोडून निघाला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, हे आमच्या कंपनीत माझं काम आहे. लोक मला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'निरोपबाई'. मला दोन्ही ऐकू येतं.

आम्ही लिफ्ट बनवतो, बसवतो आणि बिघडल्या की दुरुस्त करतो. चार हजार माणसं आहेत. त्यातलं कोणी निघालं की मनुष्यबळ विभागातून माझ्या टेबलावर चिठ्ठी येते, अमुक तारखेला निरोप समारंभ, भाषण तयार करा. मग मी वही घेऊन त्या माणसाच्या खात्यात जाते आणि शेजारीपाजारी विचारते, हा नेमकं काय करायचा? बावीस वर्षं झाली, दर वेळी तेच होतं. आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग एक जण तोंड उघडतो. आणि मग त्यांना आवरता आवरत नाही. अमक्या वेळी त्यानेच निभावून नेलं, तमक्या वेळी तो होता म्हणून वाचलो. मी विचारते, हे त्याला कधी सांगितलंत का? त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच. "त्यात काय सांगायचं? त्याला माहीतच असेल."

माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथे. त्याला काडीइतकंही माहीत नसतं. समारंभात माझं भाषण ऐकताना माणसं आ वासून बघतात. एकदा रंगकामाचा एक कारागीर भाषण संपल्यावर मला म्हणाला, "बाई, हे आधी कळलं असतं तर मी कशाला दुसरीकडे अर्ज केला असता?" त्याचा नव्या नोकरीचा पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच होता.

घरी आमच्या ह्यांना हे सांगितलं. ते भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तुमच्या कंपनीचं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आणि त्या झोप्याला रंग द्यायला तू."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, कारण ते खरं होतं.

या वर्षी तर कहरच झाला. चार महिन्यांत अकरा भाषणं. म्हातारे निघाले असते तर गोष्ट वेगळी. हे सगळे तिशी-चाळिशीतले, हातात कसब असलेले. आमच्या मनुष्यबळाच्या साहेबांनी या प्रकाराला 'गळती' असं नाव दिलं होतं, आणि गळती थांबवायला त्यांनी जंग जंग पछाडलं होतं. दुसऱ्या मजल्यावर लोळायच्या गुबगुबीत गाद्या आणल्या. टेबल टेनिस आणलं. दर बुधवारी केक कापायचा आणि त्याला 'आनंदाचा बुधवार' म्हणायचं असं परिपत्रक काढलं. माणूस तसा वाईट नाही. पण ज्याच्या पायात काटा रुतलाय त्याच्या डोक्याला तेल चोळत बसायची त्यांना सवय.

आणि मग एका सोमवारी बारावी चिठ्ठी आली. चिठ्ठीवरचं नाव वाचून मी खुर्चीत बसकण मारली. कानसेन चालली होती. पुढच्या आठवड्यातला गुरुवार तिचा शेवटचा दिवस.

कानसेन म्हणजे आमच्या तक्रार विभागातली. हे टोपणनाव तिला दुरुस्तीवाल्यांनी दिलं. ती चौदा वर्षांपूर्वी फोन उचलायला लागली तेव्हा तिचं काम फक्त पत्ता लिहून घ्यायचं होतं. पण बाईचा कान असा की पत्ता लिहिता लिहिता मागचा आवाजही ती ऐकायची. मग इमारतीच्या राखणदाराला सांगायची, "काका, फोन जरा दाराजवळ धरा. आता लिफ्ट वर पाठवा. आता खाली." आणि सांगायची, मोटार ठणठणीत आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं चाक झिजलंय. दुरुस्तीवाला जायचा, तिसऱ्या मजल्यावर दार उघडायचा, आणि चाक झिजलेलं असायचं. मी स्वतः पाहिलंय. अख्खी लिफ्ट खोलायला दिवस लागायचा, तिथे अर्ध्या तासात काम व्हायचं आणि अडकलेली माणसं लवकर सुटायची.

एवढं सोनं हाती लागल्यावर आम्ही काय केलं? दोन वर्षांपूर्वी तिला बढती दिली. 'तज्ज्ञ सल्लागार' अशी पाटी, काचेची खोली, कुंडीत झाड, पगारात वाढ. फोन तेवढा काढून घेतला. कारण फोनसाठी साहेबांनी 'उत्तरसंच' आणला होता. म्हणजे पडद्यावर प्रश्न येतात, फोनवरची मुलगी ते वाचते. वीज आहे का? दार नीट लागलंय का? एकदा बंद करून परत चालू केलंत का? पडद्यावर नाही ते विचारायचं नाही, आणि दुरुस्तीवाल्यांनीही उत्तरसंच सोडून दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही, असा लेखी नियम. त्यानंतर तक्रारी वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. उत्तरसंचाला कंपनीचं वर्षाचं बक्षीसही मिळालं. पाटावर बसवलेल्या माणसाला हार घालावा तसा त्या संगणकाला हार घातला होता, मी तिथे होते.

मी वही घेतली आणि दुरुस्तीवाल्यांच्या शेडमध्ये गेले. त्यांचा मुकादम म्हणजे दोरकाका. तीस वर्षं लिफ्टचे पोलादी दोर चढवतोय, हाताचे पंजे फावड्याएवढे. मी विचारलं, "काका, कानसेनबद्दल सांगा."

ते चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "बाई, वही मिटा. मग सांगतो."

मी वही मिटली.

"आम्ही अजून तिलाच फोन करतो. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर."

"कोण आम्ही?"

"सगळे. तो उत्तरसंच म्हणतो, मोटार बदला. आम्ही जिन्यात उभं राहून गुपचूप तिला आवाज ऐकवतो. ती म्हणते, मोटारीला हात लावू नका, ब्रेक घासतोय. मग आम्ही ब्रेक नीट करतो आणि कागदावर लिहितो, उत्तरसंचाप्रमाणे काम केलं. तसं लिहिलं नाही तर कागद पुढे सरकतच नाही."

म्हणजे बक्षीस घेतलं संगणकाने, आणि मेहनत या बाईची. दोन वर्षं. जेवताना, मुलीच्या शाळेत पालकसभेला बसलेली असताना, रविवारी भाजी आणताना. तिचा नवरा म्हणे एकदा वैतागून म्हणाला होता, "याच फोनशी लग्न करायचं होतंस, मला कशाला मध्ये आणलंस?"

तिथून मी तडक काचेच्या खोलीत गेले. कानसेन टेबलाशी बसली होती. टेबलावर पेन्सिल, कोरा कागद आणि ते झाड. फोन नाही.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"दुसऱ्या लिफ्टवाल्यांकडे, ताई. तक्रारीच्या फोनवर."

"फोनवर? म्हणजे परत खालच्या जागी?"

"हो."

"का गं?"

तिने झाडाचं एक पिकलं पान तोडलं. "ताई, दोन वर्षं मी चोरून काम करतेय. आणि चोरी कसली, तर माझ्याच कामाची. बाथरूममध्ये जाऊन फोन घेते मी. शेजारच्या खोलीतले विचारतात, तब्येत बरी नाही का? चाळिशी आलीय माझी. मला माझं काम चारचौघांत करायचंय."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. तेच मला जास्त लागलं. मी वही उघडून काही लिहिणार होते, पण मला बावीस वर्षांची स्वतःची शरम वाटली. मी हे सगळं सुरेख शब्दांत मांडणार, गुरुवारी पाच वाजता वाचणार, लोक टाळ्या वाजवणार आणि ही दार उघडून निघून जाणार. मी ठरवलं की या वेळी नाही.

आता आमच्याकडे एक नियम आहे. फार वर्षांपूर्वी मी एका भाषणात एकाने केलेल्या कामाचं श्रेय चुकून दुसऱ्याला दिलं आणि समारंभातच हातघाईवर प्रकरण आलं. तेव्हापासून भाषणातला तपशील ज्याने सांगितला त्याची भाषणाखाली सही घ्यावी लागते. आणि निघणाऱ्याची दहा वर्षं झालेली असली तर भाषण थेट मोठ्या बाईंकडे सहीला जातं. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या सर्वेसर्वा, सातव्या मजल्यावर बसतात. त्या भाषणं वाचत नाहीत, सही करतात. तीन ओळींचं कौतुक, खाली दोन-तीन सह्या, त्यात वाचायचं काय?

मी रात्रीची वाट न बघता दुपारीच भाषण लिहिलं. गोड शब्द एकही नाही. कोणत्या इमारतीत, कोणत्या दिवशी, काय बिघडलं, उत्तरसंच काय म्हणाला, कानसेन काय म्हणाली आणि शेवटी काय निघालं. दोरकाकांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. मी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "हे खरं असेल तर सह्या करा. पण आधी ऐका. नियम तुम्ही मोडलाय. यावर सही म्हणजे कबुली. नोकरी जाऊ शकते. मी कोणाला भरीस घालणार नाही."

मी बोलून गेले होते खरी, पण उद्या यांच्या घरची चूल विझली तर मी काय तोंड दाखवणार होते?

दोरकाका उठले. पेन त्या पंजात काडीसारखं दिसत होतं. "माझी मोटार बदलायची वेळ आली तरी मी तिलाच विचारीन," असं छातीवर हात ठेवून म्हणाले आणि सही केली. लोक हसले. त्या हसण्यात भीती मोडली. एकामागून एक, त्यांची धरून तीस सह्या झाल्या. एक जण मागे राहिला, त्याच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. मी म्हटलं, "तू जा, कोणी काही म्हणणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलाशी उभा. "बायको म्हणाली, बाळ झालं त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट कोणी चालू केली ते विसरलास का?" त्याने सही केली. एकतीस.

या कागदांची बातमी साहेबांच्या कानावर गेली. ते धापा टाकत आले. "बाई, हे वर गेलं तर एकतीस नोटिसा निघतील. आणि माझी बत्तिसावी."

"साहेब, सह्यांचा नियम तुमच्याच विभागाचा आहे. तपशील खरा, सह्या खऱ्या. कुठला कागद अडवू?"

ते खुर्चीत बसले. कागद हातात घेतले, वाचायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. चौथ्या पानावर त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "त्या संचासाठी मी फार धडपडलो होतो हो."

"माहीत आहे मला."

"पाठवा," ते म्हणाले, आणि उठून गेले. त्या दिवसापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत बदललं, आणि ते मी त्यांना त्याच आठवड्यात सांगूनही टाकलं. उशीर करायची सवय मोडायचीच तर स्वतःपासून.

पुढच्या मंगळवारी सातव्या मजल्यावरून बोलावणं आलं. मला, साहेबांना आणि कानसेनला. मोठ्या बाईंच्या समोर ते भाषण पसरलेलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"तीन सह्यांच्या जागी एकतीस बघितल्या तेव्हा मला वाटलं मोर्चा आलाय," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "दोन वर्षं एकतीस माणसं नियम मोडतायत, आणि मी उत्तरसंचाला बक्षीस देतेय. कोणाला जाब विचारू?"

साहेब उभे राहिले. "मला," ते म्हणाले. "नियम मी केला. तिला न विचारता केला."

मोठ्या बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि कानसेनला विचारलं, "तुम्ही राजीनाम्यात कारण 'वैयक्तिक' का लिहिलंत?"

"फॉर्मवर सात कारणं छापलेली होती," कानसेन म्हणाली. "पगार, अंतर, लग्न, आजारपण, शिक्षण, वरिष्ठांशी मतभेद आणि वैयक्तिक. 'माझं काम काढून घेतलं' असं त्यात नव्हतं."

"तिकडे पगार किती देतात?"

"इथल्यापेक्षा कमी."

मोठ्या बाई त्या एका वाक्यावर अडकल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालकीणबाई, पण कमी पगारावर जाणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मग तुम्हीच सांगा, काय केलं तर राहाल?"

कानसेनने बोटं मोजली नाहीत की कागद काढला नाही. "मला टेबलावर फोन हवा. मी सांगितलेलं काम माझ्या नावाने कागदावर यायला हवं. दोन जणी शिकायला हव्यात, मी निवडलेल्या. मी कायम थोडीच असणार आहे? आणि या एकतीस जणांच्या केसालाही धक्का लागता कामा नये."

"दिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण उत्तरसंच बंद करणार नाही. निम्म्या तक्रारी तर वीज गेल्याच्या असतात."

कानसेन पहिल्यांदा हसली. "त्या त्यालाच राहू द्या. वीज आहे का, हे विचारायला मला कुठे हौस आहे?"

"म्हणजे राहताय?"

"विचार करते," ती म्हणाली. "तिकडे मी शब्द दिलाय, आणि इथे एकदा काढून घेतलेलं परत काढून घेता येतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. सातव्या मजल्यावर उभं राहून असं बोलायला हिंमत लागते. मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि तिथल्या तिथे चारही गोष्टी लिहून, खाली सही करून कागद तिच्या हातात दिला.

बुधवार गेला, तिचा निरोप नाही. गुरुवारी दुपारी माझा जीव टांगणीला लागलेला. सभागृह ठरलेलं होतं, खुर्च्या मांडलेल्या होत्या. साहेब तीनदा येऊन विचारून गेले, "काही कळलं का?" मी म्हटलं, "मला कळलं असतं तर मी अशी दिसले असते का?"

पाच वाजता सभागृह ओसंडून वाहत होतं. दुरुस्तीवाले कामाच्या कपड्यांतच आले होते. दोरकाका पहिल्या रांगेत. मोठ्या बाई मागे भिंतीला टेकून उभ्या. कानसेन माझ्या शेजारी, मान खाली.

मी भाषण वाचलं. सगळंच्या सगळं, एकही इमारत न गाळता. ज्या इमारतीचं नाव येई तिथे गेलेला दुरुस्तीवाला उभा राही. मी त्यांना सांगितलं नव्हतं. पहिला उठला, दुसरा उठला, आणि शेवटी एकतीस माणसं उभी होती. कानसेनने तोवर मान वर केली होती. चौदा वर्षांत तिने यांतल्या बहुतेकांचे फक्त आवाज ऐकले होते. आता ती एकेकाचा चेहरा बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. माझाही आवाज शेवटच्या पानावर फुटला, त्याची मला लाज वाटत नाही.

भाषण संपलं. आता शेवटी जाणाऱ्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात द्यायचं, अशी आमची पद्धत. बावीस वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप पुढे गेला. हात पुढे गेल्यावर मला कळलं की मी काय करतेय, पण तो मागेही घेता येईना. सगळं सभागृह त्या हाताकडे बघत होतं.

कानसेनने गळ्यातल्या ओळखपत्राला हात लावला. ते उचललं, बघितलं.

"ताई, हात खाली घ्या," ती म्हणाली. "तिकडे मी सकाळीच कळवलंय. उद्या आठला मी फोनवर आहे."

पुढचं काही मला नीट ऐकू आलं नाही, कारण एकतीस माणसांनी एकदम गिल्ला केला आणि दोरकाकांनी आनंदाच्या भरात साहेबांना उचललं. मी हात खाली घेतला. इतक्या वर्षांत त्या हातात काहीच पडलं नाही अशी ती पहिली संध्याकाळ. घरी जाईपर्यंत मी तो रिकामा हात तसाच दुसऱ्या हातात धरून चालत राहिले.